वन्स (सेलेना)

'वन्स' हा तेहानो गायिका सेलेना किंतानिया (१६ एप्रिल १९७१ – ३१ मार्च १९९५) हिच्या गाजलेल्या गाण्यांचा मरणोत्तर संग्रह आहे. ईएमआय लॅटिन कंपनीने तो ऑक्टोबर २००२ मध्ये बाजारात आणला. तेहानो म्हणजे टेक्सासमधील मेक्सिकन वंशाच्या लोकांचे संगीत. युरोपीय स्थलांतरितांकडून आलेला पोल्का, कोलंबियाहून मेक्सिकोमार्गे आलेली कुंबिया ही नृत्यलय आणि रान्चेरा ही मेक्सिकन लोकगीते हे तिन्ही प्रवाह त्यात मिसळले आहेत.

'वन्स' (Ones) म्हणजे पहिल्या क्रमांकाची गाणी. या नावावरून यातले प्रत्येक गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले असेल असे वाटते, पण ते खरे नाही. सेलेनाची ओळख बनलेले 'कोमो ला फ्लोर' 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या लॅटिन गीतांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंतच गेले. 'आय कुड फॉल इन लव्ह' दुसऱ्या क्रमांकावर थांबले, कारण तेव्हा वर तिचेच 'तू सोलो तू' होते. शिवाय 'आय कुड फॉल इन लव्ह'ची सुटी तबकडी अमेरिकेत विक्रीला आलीच नाही. त्या काळच्या नियमानुसार अशा गाण्याला हॉट १०० या बिलबोर्डच्या मुख्य गीतयादीत जागा नव्हती, त्यामुळे ते फक्त रेडिओ-प्रसारणावर आधारलेल्या याद्यांत दिसते.

संग्रहाची खरी श्रीमंती आवाजाच्या पल्ल्यात आहे. 'बिदी बिदी बोम बोम' ही कुंबिया आहे. तिच्यात रॉक आणि रेगे मिसळले आहेत, आणि शीर्षकातले बोल म्हणजे छातीतली धडधड. 'आमोर प्रोहिबिदो' कीबोर्डवर उभे आहे. अकॉर्डियनची जागा सिंथेसायझरने घेतल्यावर तेहानो कसे बदलले, ते या एका गाण्यात ऐकू येते. 'नो मे केदा मास' याच्या अगदी उलट आहे. वादकवृंदातील कीबोर्डवादक रिकी वेला याने ते एकतर्फी प्रेमावर लिहिले. त्यात मारियाची (मेक्सिकन लोकवाद्यमेळ) ढंगाची व्हायोलिने आहेत आणि ओळीच्या शेवटी आवाज मुद्दाम तुटू दिला आहे. सेलेनाची पहिली भाषा इंग्रजी होती. स्पॅनिश गाणी ती सुरुवातीला उच्चार पाठ करून गाई, हे लक्षात घेतले की इथली शब्दफेक अधिकच थक्क करते. 'फोतोस इ रेक्वेर्दोस' मात्र मूळचे तिचे नव्हे. प्रिटेंडर्स या गटाच्या १९८२ मधील इंग्रजी गाण्याची चाल घेऊन त्यावर स्पॅनिश बोल बसवले आहेत.

अशा संग्रहात कालक्रम हरवतो आणि गायिकेची वाढ दिसत नाही. ती ऐकायची तर 'बायला एस्ता कुंबिया' (१९९०) आधी लावावे, मग 'ला कार्काचा' आणि 'कोमो ला फ्लोर' (१९९२), त्यानंतर 'आमोर प्रोहिबिदो' (१९९४). 'तू सोलो तू' आणि 'ड्रीमिंग ऑफ यू' शेवटी ठेवावीत, कारण ही दोन्ही तिच्या हत्येनंतर, जुलै १९९५ मध्ये आलेल्या अल्बमवर आहेत. तो अल्बम बिलबोर्ड २०० या अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला होता.