बेंचरेस्टमधील ‘अचूकता’ : रायफलीइतकीच मोजपट्टीची पार्श्वभूमी

बेंचरेस्टमध्ये, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून करायच्या नेमबाजीत, अचूक रायफल कोणती, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत निदान तीनदा बदलले आहे आणि प्रत्येक बदलाच्या मुळाशी मोजण्याची पद्धत आहे. बॅरल, दारू, गोळी आणि वारा यांच्या चर्चेत हा मुद्दा नेहमी मागे पडतो. शिवाय मराठीत ‘अचूकता’ या एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या हा एक प्रश्न आहे आणि जिथे लागायला हव्या होत्या तिथे त्या लागल्या का, हा दुसरा. आपल्याकडच्या रेंजवर पहिल्या गोष्टीला सरळ ‘ग्रुपिंग’ म्हणतात, ते योग्यच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत तोंडाने भरायच्या अवजड रायफली टेबलावर टेकवून ४० रॉड, म्हणजे २२० यार्ड अंतरावर, सामने होत. निकाल दोरीने लागे. प्रत्येक छिद्राचे केंद्रापासूनचे अंतर दोरीवर एकापुढे एक मोजले जाई आणि ज्याची दोरी सर्वांत आखूड, तो विजेता ठरे. या पद्धतीत केंद्र चुकलेला सुंदर ग्रुप कवडीमोल होता. गोळी भरताना नळीच्या तोंडाशी तिरकी जाऊ नये आणि ते तोंड झिजू नये म्हणून बसवायचे सुटे ‘खोटे तोंड’ याच काळातले. त्याचे पेटंट १८४० मध्ये ज्या कारागिराने घेतले, तो पुढे दुर्बिणींच्या भिंगांसाठी नावाजला गेला. १९०१ मध्ये कोलोरॅडोत २०० यार्डांवर दहा गोळ्यांचा सुमारे पाऊण इंचाचा ग्रुप नोंदला गेला. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका डॉक्टरने अनेक वर्षांचे प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. गोळीचे टोक बिघडले तरी फारसे अडत नाही, बूड बिघडले तर मात्र गोळी भरकटते, हा त्यातला निष्कर्ष आजही टिकून आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातील सामन्यांमधून देशव्यापी संघटना उभी राहिली आणि ‘ग्रुप’ ही अधिकृत मोजपट्टी झाली. एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर मोजायचे, पाच ग्रुपांची सरासरी काढायची आणि २०० यार्डांवरच्या आकड्याला दोनाने भागून तो १०० यार्डांच्या पातळीवर आणायचा, असा हा हिशेब आहे. निशाणाचे केंद्र त्यातून पूर्णपणे बाद झाले.

हा निर्णय दिसतो तितका निरुपद्रवी नव्हता. रायफलीची क्षमता नेमबाजाच्या झीरोपासून, म्हणजे दुर्बीण केंद्राशी जुळवण्याच्या कामापासून, वेगळी करून पाहायची असेल तर ग्रुप हेच प्रामाणिक माप आहे, असे समर्थक म्हणत आणि त्यात तथ्य आहे. परंतु पाच गोळ्यांपैकी तीन गोळ्या या मापात कुठेच येत नाहीत. चार गोळ्या एकाच छिद्रातून गेल्या आणि पाचवी वाऱ्याच्या झुळकेने पाव इंच सरकली, तर नोंद पाव इंचाचीच होते. पाचही गोळ्या पाव इंचाच्या वर्तुळात विखुरल्या तरी नोंद जवळपास तीच राहते. केंद्रबिंदूपासूनच्या सरासरी अंतराचे माप याहून न्याय्य ठरले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण कागदावर पट्टी ठेवून सामन्याच्या संध्याकाळी निकाल लावायचा होता आणि त्या काळात गणनयंत्र कोणाच्या खिशात नव्हते. सोय जिंकली. दहा गोळ्यांचा ग्रुप हळूहळू जड, अनिर्बंध रायफलींच्या वर्गापुरता उरला आणि साडेदहा व साडेतेरा पौंडांच्या ‘व्हार्मिंट’ वर्गांत पाच गोळ्यांचा ग्रुप रूढ झाला. ग्रुप लहान होऊ लागले तसा एक विचित्र पेच उभा राहिला. एकाच छिद्रातून खरेच पाच गोळ्या गेल्या की चारच, हे कागदावरून सांगता येईना. त्यावर उपाय म्हणून निशाणामागे संथ सरकणारी कागदी पट्टी आली, जिच्यावर प्रत्येक गोळीचे छिद्र स्वतंत्र उमटते. शेजारच्याने चुकून आपल्या निशाणावर गोळी मारली तर तेही मागच्या कागदांवरून उघड होते.

मोजपट्टी ग्रुपची ठरल्यावर पुढची तीस वर्षे साहित्यावर खर्च झाली. १९५० मध्ये आलेले २२२ रेमिंग्टन हे काडतूस सुमारे दोन दशके निर्विवाद राज्य करत होते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर एका शल्यचिकित्सकाने आणि एका यंत्रकारागिराने मिळून ६ पीपीसी घडवले. त्या नावात दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. त्याची पुंगळी २२० रशियन काडतुसापासून बनते, आणि ते काडतूस एके-४७ च्या काडतुसावरून निघालेले आहे. आखूड व जाड पुंगळी, लहान प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि प्रायमरची ठिणगी आत जाण्यासाठी दोन मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटरचे छिद्र, ही तिची वैशिष्ट्ये. दारूचा स्तंभ आखूड असल्यामुळे ती अधिक एकसारखी पेटते, असे स्पष्टीकरण दिले जाते. फिनलंडमध्ये बनलेल्या पुंगळ्यांच्या भिंतींची जाडी सर्व बाजूंनी एकसारखी असते, या कारणाला मात्र त्या मानाने कमी श्रेय मिळते.

गोळीच्या बाबतीत कारण अधिक स्पष्ट आहे. तांब्याच्या आवरणाची जाडी एका बाजूला किंचित जास्त असेल तर गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षावर राहत नाही आणि नळीतून सुटताच ती किंचित बाजूला फेकली जाते. नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या आट्यांचा पीळ जितका घट्ट तितकी ही फेक वाढते. म्हणून ६२ ते ६८ ग्रेन वजनाच्या आखूड गोळ्यांसाठी साडेतेरा किंवा चौदा इंचांत एक वेढा, इतका सैल पीळ वापरला जातो. गोळीला स्थिर ठेवायला पुरेल तेवढाच. याच कारणाने बहुतेक विजेत्यांच्या गोळ्या कारखान्यातून येत नाहीत. लहान कार्यशाळांत, कार्बाइडच्या साच्यांत, हाताने घडवल्या जातात.

‘ट्यून’ हा शब्दही याच काळात रुळला. गोळी सुटताना नळी कंप पावते, आणि गोळ्या बाहेर पडण्याचा क्षण त्या कंपाच्या सोयीच्या टप्प्यावर आला नाही तर ग्रुप उभा ताणला जातो. दिवस तापला की दारू जरा वेगाने जळते आणि सकाळी जुळलेली रायफल दुपारी बिघडते. त्यामुळे बेंचरेस्टचे स्पर्धक त्याच पंधरा-वीस पुंगळ्या रेंजवरच पुन्हा पुन्हा भरतात आणि दारूचे प्रमाण ग्रेनच्या दशांशांत हलवतात. विशेष म्हणजे ही दारू अनेक जण तोलून घेत नाहीत, आकारमानाच्या मापाने टाकतात. नवख्याला ते निष्काळजीपणाचे वाटते, परंतु लहान अंतरावर वेगातील किरकोळ फरकापेक्षा ट्यून जुळणे महत्त्वाचे ठरते, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे.

या साऱ्यात रायफलीचा वाटा किती आणि वाऱ्याचा किती, हे वेगळे करण्याची एक संधी ह्यूस्टनमध्ये मिळाली. तेथील ३२५ यार्ड लांबीच्या एका गोदामात १९८३ पर्यंतच्या काही वर्षांत मोजक्या नेमबाजांनी रात्री-अपरात्री, बंद दारांआड, शांत हवेत चाचण्या घेतल्या. वारा नाही, मृगजळ नाही, घाई नाही. तेथे उत्तम रायफलींनी १०० यार्डांवर पुन्हा पुन्हा एक दशांश इंचाच्या बरेच आत ग्रुप मारले. उघड्या मैदानावर त्याच दर्जाच्या रायफलींची सरासरी दोन दशांश इंचाच्या आसपास आली तरी पारितोषिक मिळण्याची आशा असते. दोन्हींमधील अंतर बहुतांशी वाऱ्याच्या खात्यावर टाकावे लागते. ताशी एक मैलाचा आडवा वारा ६ पीपीसीच्या गोळीला १०० यार्डांवर सुमारे आठ शतांश इंच सरकवतो. एवढा वारा गालालाही जाणवत नाही. दुप्पट अंतरावर हे सरकणे दुपटीवर न थांबता चौपटीच्या घरात जाते. म्हणूनच टेबलापासून निशाणापर्यंत वारा दाखवणाऱ्या झेंड्यांच्या रांगा रोवल्या जातात, आणि बॅरलवर हजारो रुपये खर्च करणाऱ्यांनी त्या झेंड्यांकडे पाहण्यात किती तास घालवले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

दरम्यान केंद्र परत आले, ते ‘स्कोअर’ प्रकाराच्या रूपाने. पाच वर्तुळसमूहांवर एकेक गोळी, प्रत्येकी दहा गुण, पाच कागदांचे मिळून २५० आणि बरोबरी सोडवायला मध्यबिंदू. आपल्याकडच्या वाचकाला परिचित असलेल्या ऑलिंपिक रायफलीशी, जिथे केंद्रापासूनचे अंतर दशांश गुणांत मोजले जाते, याचे नाते ग्रुपपेक्षा जवळचे आहे. पण इथेही मोजपट्टीने साहित्य वाकवले. छिद्राच्या कडेने रेषेला स्पर्श केला तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे ०.३०८ इंच व्यासाची गोळी ०.२४३ इंच व्यासाच्या गोळीपेक्षा प्रत्येक बाजूला सुमारे ०.०३२ इंच आधीच रेषेपर्यंत पोहोचते. परिणामी ग्रुपमध्ये ६ पीपीसीने गाजवलेले मैदान स्कोअरमध्ये ३० बीआरने घेतले. त्या काडतुसाचा धक्का अधिक आहे आणि ग्रुप मारण्याच्या क्षमतेत ते पीपीसीच्या पुढे असल्याचा दावा फारसे कोणी करत नाही. कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या व्यासाचा, हा फायदा काढून घेणारी निशाणे काही स्पर्धांनी नंतर आखली, तरी जुन्या नियमांचे सामनेही चालूच आहेत.

१०० यार्डांवरील पाच गोळ्यांच्या ग्रुपचा ०.००९ इंचाचा विक्रम १९७३ मध्ये झाला आणि चाळीस वर्षे अबाधित राहिला. २०१३ मध्ये तो ०.००७७ इंचांवर आला, आणि तोही, गंमत म्हणजे, तीस कॅलिबरच्या एका घरगुती काडतुसाने. दोन्हींतील फरक ०.०३३ मिलिमीटरचा आहे. वहीच्या साध्या कागदाची जाडी याच्या सुमारे तिप्पट भरते, आणि ज्या कागदावर ही छिद्रे मोजली जातात त्याची फाटलेली कडही प्रत्येक मोजणाऱ्याला थोडी निराळीच दिसते.