सहयोग सर्व्हरचे बॅकअप-नियोजन

भाड्याच्या आभासी सर्व्हरवर चालणाऱ्या सहयोग प्रणालीतील (सामायिक फाइली, चॅट, कॅलेंडर) फाइली, डेटाबेस आणि कॉन्फिगरेशन ठरावीक वेळी दुसरीकडे उतरवून ठेवण्याची, आणि वेळ आली तर त्यांवरून सर्व्हर पुन्हा उभा करण्याची आखीव पद्धत. नेक्स्टक्लाउड व मॅटरमोस्ट या अशा प्रणालींपैकी विशेष प्रचलित. होस्टिंग कंपनी यंत्र चालू ठेवते. आतल्या डेटाची जबाबदारी बहुतेक करारांत ग्राहकावरच असते. रेड (अनेक डिस्कवर डेटा विभागून किंवा दुहेरी लिहिणे) किंवा रेप्लिकेशन (डेटा दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे रेप्लिकावर, सतत तसाच उतरवणे) यांना बॅकअप म्हणता येत नाही, कारण चुकून दिलेली डिलीटची आज्ञा रेप्लिकावरही काही क्षणांत उमटते.

उगम : नियोजनाचा पाया म्हणून सर्वत्र ‘३-२-१’ हा नियम सांगितला जातो. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. त्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांना देतात. डिजिटल छायाचित्रांच्या जतनाविषयीच्या त्यांच्या लेखनातून, साधारण २००५ ते २००९ या काळात, तो रूढ झाला असे दिसते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या यूएस-सर्ट या शासकीय संस्थेच्या मार्गदर्शिकेने तो उचलल्यावर तो छायाचित्रणाबाहेर पसरला. दुसरे मत असे, की चुंबकीय फितींच्या काळातील ‘आजोबा-वडील-मुलगा’ ही फेरपाळी (मासिक, साप्ताहिक व दैनिक फिती) आणि फिती दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची संगणक केंद्रांची शिस्त यांत हा विचार आधीच होता. क्रो यांनी त्याला लक्षात राहील असे सूत्र दिले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सूत्रातील ‘दोन माध्यमे’ हा भाग मात्र क्लाउडवर धूसर होतो. एकाच कंपनीची ब्लॉक डिस्क (सर्व्हरला जोडलेली आभासी डिस्क) आणि ऑब्जेक्ट स्टोरेज (नेटवर्कवरून वापरायचे वेगळे कोठार) ही दोन माध्यमे मानावीत काय, याबद्दल एकवाक्यता नाही. दोन्ही एकाच खात्यात असतील, तर खाते बंद पडल्यावर दोन्ही एकदम जातात; म्हणून येथे माध्यमापेक्षा खाते वेगळे असणे महत्त्वाचे.

डेटाबेस आणि फाइलींची संगती : या विषयाचा गाभा हाच. नेक्स्टक्लाउडमध्ये फाइल डिस्कवर असते, पण तिची नोंद, शेअरिंग आणि आवृत्त्या डेटाबेसच्या तक्त्यांत असतात. दोन्हींच्या प्रती एकाच क्षणाच्या नसतील, तर रिस्टोअर झालेली प्रणाली चालते, पण खोटी माहिती दाखवते. सर्वांत सुरक्षित क्रम असा : मेंटेनन्स मोड (वापरकर्त्यांचे काम तात्पुरते थांबवणारी अवस्था) चालू करणे, डेटाबेसचा डंप (सगळा मजकूर फाइलीत उतरवणे) घेणे, डेटा, कॉन्फिग व थीम्स हे फोल्डर कॉपी करणे, मोड बंद करणे. डेटा मोठा असेल तर काम तासन्‌तास थांबते. त्यावर उपाय म्हणजे आरसिंक या फक्त बदल कॉपी करणाऱ्या साधनाने आधी एक फेरी चालू प्रणालीवरच करावी आणि मेंटेनन्स मोडमध्ये फक्त उरलेला फरक ओढावा.

मोड लावणेच शक्य नसेल, तर आधी काय घ्यावे याबद्दल दोन पक्ष आहेत. आधी डेटाबेस घेतला, तर दरम्यान आलेल्या नव्या फाइली नोंदीविना उरतात. त्या नंतर स्कॅन करून नोंदवता येतात. आधी फाइली घेतल्या, तर नोंद आहे पण फाइल नाही अशी स्थिती येते, आणि ती दुरुस्त होत नाही. त्यामुळे डेटाबेस आधी, हा पक्ष सरस. दोन प्रतींच्या मध्ये डिलीट झालेल्या फाइलींची उणीव मात्र त्यातही राहते. स्नॅपशॉट (डिस्कचे एका क्षणाचे गोठवलेले चित्र) हा तिसरा मार्ग. डिस्कचा स्नॅपशॉट वीज अचानक गेल्यासारख्या अवस्थेत असतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस किंवा मायएसक्यूएल डेटाबेसचे इनोडीबी हे साठवण-इंजिन सुरू होताना आपल्या लॉगवरून सावरतात. डेटाबेस व फाइली दोन वेगळ्या डिस्कवर असतील, तर स्वतंत्रपणे घेतलेले स्नॅपशॉट एका क्षणाचे धरता येत नाहीत.

डंपमधील चुका : मायएसक्यूएलडंप या मायएसक्यूएलच्या डंप-साधनाला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला की टेबले न अडवता एका क्षणाचे चित्र मिळते, पण ते फक्त इनोडीबी टेबलांचे, मायआयसॅम या जुन्या इंजिनाची टेबले उरली असतील तर ती या हमीबाहेर राहतात. कॅरेक्टर सेट (अक्षरे बाइटांत साठवण्याचा संच) ‘यूटीएफ८एमबी४’ असावा. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचे असल्याने ते जुन्या तीन-बाइटी संचातही टिकते, इमोजी ४ बाइटचे असल्याने तेथे त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. मराठी मजकूर नीट दिसला म्हणून डंप नीट आहे असे समजू नये.

डंप थेट जीझिप या फाइल दाबणाऱ्या साधनाला पाइप केला (एका आज्ञेचे फलित दुसरीला दिले), तर शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या आज्ञेचा निकाल सांगते. डेटाबेसशी जोडणी तुटून डंप अर्धवट राहिला तरी ‘यशस्वी’ अशीच नोंद होते. स्क्रिप्टमध्ये ‘पाइपफेल’ (आधीची आज्ञा फसली तरी अपयश कळवणारा पर्याय) लावावे आणि डंपच्या शेवटी ‘डंप कम्प्लीटेड’ ही ओळ आहे का ते तपासावे. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) फाइलच्या नावात तारीख घालताना टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लागतो; नसल्यास आज्ञा तेथेच तुटते. रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअप-साधने वापरत असल्यास डंप आधी दाबू नये : दाबलेल्या फाइलीत थोडा बदल झाला तरी पुढचा सगळा प्रवाह बदलतो आणि डीडुप्लिकेशनचा (सारखा भाग एकदाच साठवण्याचा) लाभ जातो. पोस्टग्रेसमध्ये पीजी-डंप युजर व रोल उतरवत नाही. ते ‘पीजी-डंपऑल’ने वेगळे घ्यावे लागतात.

मुंबईच्या संदर्भात : आभासी सर्व्हर बहुधा यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) वेळेवर असतात. क्रॉनमध्ये पहाटे २ लिहिले, तर काम भारतीय वेळेनुसार सकाळी ७.३० ला सुरू होते आणि लांबले की कार्यालय उघडण्याच्या वेळेला भिडते. पहाटे २ साठी आदल्या रात्रीचे २०.३० लिहावे. ५०० जीबीची पूर्ण प्रत १०० एमबीपीएसच्या लाइनवरून अंधेरी किंवा ठाण्यातील कार्यालयात उतरवायला, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, सुमारे ११ तास लागतात. म्हणून पहिली प्रत सुट्टीच्या दिवशी, पुढे फक्त बदल.

ठिकाण निवडताना मुंबई आणि नवी मुंबई ही दोन ठिकाणे मोजणे धोक्याचे आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. १२ ऑक्टोबर २०२० च्या ग्रिड-बिघाडात मुंबईसह ठाणे व नवी मुंबईचीही वीज गेली. ॲमेझॉनच्या क्लाउडचे मुंबई रीजन (डेटा सेंटरांचा समूह) २०१६ पासून आणि हैदराबाद रीजन २०२२ पासून आहे. दुसरी प्रत हैदराबादला किंवा अन्य कंपनीकडे चेन्नई, दिल्ली येथे ठेवता येते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा बॅकअपही त्याच परिसरात असलेल्या ग्राहकांचे दोन्ही गेले. सर्व्हरवर हिशेबपुस्तके असल्यास कंपनी (लेखे) नियम, २०१४ लागू होतात. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे आवश्यक आहे.

सुरक्षा : सर्व्हरकडे बॅकअप पुसण्याचा अधिकार असू नये. बॅकअप उघडण्याची सांकेतिक किल्ली सर्व्हरबाहेर, दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवावी.

रिस्टोअर-चाचणी : ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड-होस्टिंग सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा पीजी-डंपच्या प्रती अस्तित्वातच नसल्याचे कळले. डंपचे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा असल्याने डंप दरवेळी फसत होता, आणि त्याच्या सूचनेच्या ईमेल नाकारल्या जात होत्या. कामी आला तो योगायोगाने सुमारे सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट. म्हणून तीन महिन्यांतून एकदा तरी कोऱ्या सर्व्हरवर पूर्ण रिस्टोअर करून त्याला लागलेला वेळ लिहून ठेवावा. नेक्स्टक्लाउडची आवृत्ती तीच असावी. कॉन्फिग फाइलीतील ‘सीक्रेट’ हे गुप्त मूल्य हरवले, तर सर्व्हर-साइड एन्क्रिप्शन असलेल्या (सर्व्हरने सांकेतिक करून ठेवलेल्या) फाइली उघडत नाहीत. जुनी प्रत चढवल्यावर, प्रणाली वापरकर्त्यांना उघडण्यापूर्वी, ‘डेटा-फिंगरप्रिंट’ ही आज्ञा द्यावी. ती न दिल्यास लोकांच्या लॅपटॉपवरील सिंक-क्लायंट (फाइली सर्व्हरशी जुळवत राहणारे प्रोग्राम) सर्व्हरवर नसलेल्या फाइली डिलीट झाल्या असे समजून आपल्याकडच्या नव्या प्रतीही काढून टाकू शकतात.