प्रकाश पडेल तिथेच सुटणारं औषध

केमोथेरपीत केस का गळतात? डॉक्सोरुबिसिनसारखं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये जाऊन बसतं आणि त्यांचं विभाजन रोखतं. पेशी गाठीतली आहे की केसाच्या मुळाशी, हे त्याला कळत नाही. हृदयाच्या स्नायूंनाही ते इजा करतं, म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते.

मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलेल्या या औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. हृदयाचा धोका त्याने कमी झाला. पण असे नॅनोकण गाठीत आपोआप साचतील, ही आशा पुरती फळली नाही. दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गाठीपर्यंत पोचणाऱ्या कणांचं प्रमाण मध्यकाने अवघं ०.७ टक्के निघालं.

म्हणूनच प्रकाशाची कल्पना मला मोलाची वाटते. कण रक्तातून कुठेही फिरोत, औषध कुठे आणि केव्हा सोडायचं ते डॉक्टर बाहेरून ठरवतील. या पिशव्यांना सोन्याच्या नॅनोकांड्यांची जोड देतात. कांडी जितकी लांबट, तितकी ती जास्त तरंगलांबीचा प्रकाश शोषते; त्यामुळे ती निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या, किरणांसाठी बेतता येते. लेसर पडला की कांडी तापते. पिशवीचा मेद असा निवडलेला असतो, की शरीराच्या ३७ अंशांना तो घट्ट राहतो आणि ४१ अंशांच्या आसपास सैल होऊन औषध बाहेर सोडतो. चार अंशांचा हा फरक साधणं हीच यातली खरी कारागिरी! थोडं जास्त तापलं तर शेजारच्या निरोगी पेशीही भाजतात.

निकट-अवरक्तच का? अंधारात टॉर्चवर तळहात ठेवून पाहा, बोटं लाल दिसतात. हिरवा-निळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, लाल पार होतो. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हिमोग्लोबिन आणि पाणी दोन्ही कमी प्रकाश शोषतात.

तरीही तो काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटरभर खोल उपयोगी पडतो. खोलवरच्या गाठीसाठी प्रकाशतंतू आत न्यावा लागतो, आणि अंगभर पसरलेल्या कर्करोगावर हा उपाय चालत नाही. सोनं यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ साचून राहतं, त्याचाही विचार करावा लागतो. उंदरांवरचे निकाल उत्साहवर्धक असले, तरी रुग्णांना त्यांचा भरवसा देण्याआधी या अडचणींवर काम व्हायला हवं.