पंचांग पाहून नराऱ्याला

नराऱ्याला जायचं तर आधी पंचांग उघडावं, रेल्वेचं तिकीट त्यानंतर. तिथी आणि वेळ चुकली तर जामनगरपासून साठेक किलोमीटर गाडी हाकून समोर दिसतं ते नुसतं मातकट पाणी आणि काठावरच्या तिवरांचे शेंडे. साधली तर हेच पाणी दूर मागे सरकलेलं असतं आणि आपण चक्क समुद्राच्या तळावरून चालत असतो. ना पाणबुड्याचा पोशाख, ना तोंडात नळी, ना पोहता येण्याची अट. जुने कॅनव्हासचे बूट तेवढे हवेत. सपाता घालून येणाऱ्यांच्या सपाता पहिल्याच चिखलात रुततात.

हे कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८० साली अभयारण्य झालं आणि १९८२ मध्ये त्यातल्या सुमारे १६३ चौरस किलोमीटरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. समुद्रासाठी असं उद्यान भारतात तेव्हा पहिलंच. त्यात ४२ बेटं आहेत. त्यांतल्या पिरोटन बेटावर होडीने जावं लागतं, नराऱ्याला गाडी थेट काठापर्यंत जाते.

आता पंचांगाची भानगड. चंद्राच्या ओढीमुळे समुद्राला दिवसात दोन भरत्या येतात, एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकवटते. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात आणि एकमेकांचा जोर मारतात. तो भांग. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, हे आपण विसरतो. पर्यटकाला हवी असते ती उधाणाची ओहोटी.

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. यात दडलेलं गणित मला फार आवडतं. तीस तिथ्यांमध्ये चंद्र सूर्याच्या तुलनेत आकाशाची एक पूर्ण फेरी करतो, म्हणून भरती चोवीस तासांनी मागे पडते. एका तिथीला ४८ मिनिटं. आपला कोळी ४५ धरतो. पंधरा तिथ्यांत पाऊण तासाचा फरक पडतो खरा, पण तोंडी हिशेबाला एवढं चालतं, आणि पौर्णिमेला तो नव्याने मोजायला लागतो. मात्र हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, नराऱ्याला तो नेऊ नये. भरतीची लाट आखातात पश्चिमेकडून शिरते आणि तोंडावरच्या ओखा बंदरापेक्षा आतल्या बंदरांना उशिरा पोचते. तिथलं वेळापत्रकच पाहायचं.

आणि पाणी उतरतं तरी किती? मालवणला उधाणाचा चढउतार दोन-अडीच मीटरचा, मुंबईला साडेचारच्या आसपास, आणि कच्छच्या आखातात पाच ते सात मीटर. म्हणजे दुमजली घराएवढा. खुल्या महासागरात भरतीची लाट एखाद मीटरचीही नसते. पण मुंबई-सौराष्ट्राकडे समुद्रबूड जमीन रुंद आणि उथळ आहे. उथळात शिरल्यावर लाटेचा वेग मंदावतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं. त्यात आखात पडलं नरसाळ्यासारखं, तोंड रुंद आणि आत अरुंद. पाण्याला वर चढण्यावाचून जागाच उरत नाही. मालवणलाही सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ आहेत, पण ती बघायला पाण्यात उतरावं लागतं. नराऱ्यात समुद्र स्वतःच बाजूला होतो.

वनखात्याची परवानगी घेऊन, गाइडच्या मागोमाग निघालं की पहिला अर्धा तास निराशेचा जातो. चिखल, दगड, हिरवट शेवाळ. मग डोळा सरावतो. ज्याला आपण शेवाळलेला धोंडा समजत होतो त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. ते प्रवाळ. एकेका खळग्यात एकेक इवला प्राणी, मुगाच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात, उन्हावर साखर बनवतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. त्या जोरावर तो चुनखडीचं घर बांधतो. अशा गोल धोंड्याची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. फुटबॉलएवढा धोंडा आपल्या धाकट्या भावाच्या वयाचा असू शकतो, त्यावर पाय देऊन फोटो काढण्याआधी हे आठवलेलं बरं.

अंगठीतलं पोवळं ते हेच का, असं कुणीतरी हमखास विचारतं. नाही. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, खोल, अंधाऱ्या कपारींत वाढणारं, त्याच्यात शैवालं राहत नाहीत. इथलं मेलेलं प्रवाळही खिशात टाकू नये. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला.

एका डबक्याशी गाइड थांबला आणि काठीने नुसतं बोट केल्यासारखं दाखवलं. मला वाळू आणि दगड दिसले. मग दगडाने श्वास घेतला. ऑक्टोपस होता, बिळाच्या तोंडाशी शिंपल्यांचे तुकडे रचून बसलेला. त्याच्या कातडीत रंगांच्या बारीक पिशव्या असतात. स्नायूंनी त्या ताणल्या की रंग पसरतो, सोडल्या की ठिपक्याएवढा होतो. आमची सावली पडताच तपकिरीचा पांढुरका झाला आणि बिळात ओघळला. तीन हृदयं आणि निळं रक्त असलेला प्राणी, घाबरण्याची रीत मात्र आपल्याच ओळखीची.

पुढे केंड मासा सापडला. मालवणचे मच्छीमार त्याला शिव्या घालतात, कारण तो जाळी कुरतडतो. संकट आलं की तो पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो, आणि नेमकं हेच बघायला लोक त्याला पाण्याबाहेर उचलतात. बाहेर काढला की तो हवा गिळतो, जी नंतर सोडणं त्याला फार जड जातं. आमच्या गटातल्या एकाला तो हातात हवाच होता. मी नको म्हटलं, तर मला 'शाळामास्तर' म्हणून मोकळा झाला. असो.

नराऱ्याच्या प्रवाळांचं मला कौतुक वाटतं ते त्यांच्या चिवटपणाचं. प्रवाळांना स्वच्छ, उबदार, शांत पाणी लागतं असं पुस्तकात असतं. इथलं पाणी गढूळ, नद्या कमी आणि बाष्पीभवन जास्त म्हणून अधिक खारट, हिवाळ्यात गारठणारं. वर दर उधाणाला काही तास उघड्यावर ऊन. ते चिकट द्रव पाझरून अंग ओलं ठेवतात, त्याच द्रवाने गाळही झटकतात. म्हणून इथे धोंड्यासारखी जाडजूड प्रवाळंच जास्त दिसतात. ॲक्रोपोरा ही फांद्यांची प्रवाळं इथून हजारो वर्षांपूर्वी नाहीशी झाली, तमिळनाडूकडच्या मन्नारच्या आखातातून तुकडे आणून ती पुन्हा लावण्याचे प्रयोग झाले आहेत. मिठापूरजवळ तर जानेवारी २०२० मध्ये समुद्रात पोलादी सांगाडा बुडवून त्यातून सौम्य वीज सोडली गेली. विजेमुळे पाण्यातले क्षार सांगाड्यावर चुनखडीसारखे बसतात आणि प्रवाळाच्या तुकड्यांना आयता पाया मिळतो. पण याच आखातात तेलाची जहाजं रिकामी होतात. गाळ वाढवणारी कामं रोखणं सांगाडे बुडवण्यापेक्षा स्वस्त पडेल, असं माझं मत.

गाइडने अचानक शिट्टी मारली. समोर तर पाणी अजून लांबच होतं, त्यामुळे दोघंतिघं रेंगाळले. पण भरती समोरून येत नाही, ती आधी सखल घळींतून मागच्या बाजूला शिरते. येताना घोटा बुडेल एवढी असलेली घळ परतताना माझ्या गुडघ्याच्या वर होती, आणि 'शाळामास्तर' म्हणणारा माझा दंड धरून चालत होता.