गरोदरपणातील फोलिक ॲसिड: एका शिफारशीची पार्श्वभूमी

गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व घ्यावे, ही शिफारस आता जगातील बहुतेक देशांत रूढ झाली आहे. तिच्या जोडीने अनेक जीवनसत्त्वांच्या एकत्रित गोळ्याही दिल्या जातात आणि त्यांनी बाळाच्या मेंदूचा विकास चांगला होतो, असे सांगितले जाते. या दोन विधानांमागे असलेल्या पुराव्याचे वजन मात्र सारखे नाही. ते का, हे फोलिक ॲसिडचा इतिहास पाहिल्यावर कळते.

या इतिहासाचा आरंभ बाळाच्या नव्हे, तर आईच्या आजारापासून झाला. १९२८ साली ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर गरोदर स्त्रियांमधील एका तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. या रक्तक्षयात तांबड्या पेशींची संख्या घटत असे, पण उरलेल्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांमध्ये तो विशेष आढळे. विल्स यांनी या स्त्रियांच्या रोजच्या आहाराची बारकाईने नोंद केली, तसाच निकृष्ट आहार प्राण्यांना देऊन पाहिला आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट या साध्या खाद्यपदार्थाने, रुग्ण बऱ्या होतात असे १९३१ साली प्रसिद्ध केले. घातक पांडुरोग या दुसऱ्या प्रकारच्या रक्तक्षयावर गुणकारी ठरणारा यकृताचा शुद्ध अर्क येथे निरुपयोगी ठरत होता, त्यामुळे हा घटक वेगळाच असला पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आले. बराच काळ तो ‘विल्स घटक’ म्हणूनच ओळखला गेला. १९४१ साली टेक्सासमधील शास्त्रज्ञांनी कित्येक टन पालकातून फोलिक ॲसिड, म्हणजे हाच घटक, वेगळे काढले आणि १९४५ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, ते कृत्रिमरीत्या तयार झाले. गोळी स्वस्तात उपलब्ध झाली ती यानंतर.

आईच्या आहारातील उणीव गर्भाची घडणच बिघडवू शकते, ही कल्पना तोवर प्राण्यांपुरती मान्य झाली होती. १९३३ साली टेक्सासमध्येच फ्रेड हेल यांनी ‘अ’ जीवनसत्त्वापासून वंचित ठेवलेल्या डुकरिणीला नेत्रगोलच नसलेली पिल्ले झाल्याचे नोंदवले होते. माणसाच्या बाबतीत हा प्रश्न गांभीर्याने पुढे आला तो १९६५ साली. लिव्हरपूलमधील हिबर्ड आणि स्मिथेल्स यांना मेंदू व कण्याचे जन्मजात दोष असलेल्या बाळांच्या मातांमध्ये फोलेटचा (फोलिक ॲसिड हे याच जीवनसत्त्वाचे एक रूप) चयापचय बिघडलेला आढळला.

पुढची पंचवीस वर्षे पुराव्याच्या स्वरूपावरून वाद झाला, आणि या इतिहासातील सर्वांत बोधक भाग तोच आहे. आधीचे एक बाळ अशा दोषासह जन्मलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून जीवनसत्त्वे देऊन पाहावीत, असे स्मिथेल्स यांनी ठरवले. तुलनेच्या गटाला औषध नसलेली गोळी देण्यास नीतिसमित्यांनी नकार दिला, म्हणून ज्यांनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या अशा स्त्रियांशी तुलना करावी लागली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गोळ्या घेतलेल्या १७८ स्त्रियांपैकी एकीच्या, तर न घेतलेल्या २६० पैकी १३ जणींच्या बाळांत दोष पुन्हा आढळला. फरक मोठा होता, पण टीकाकारांची शंकाही रास्त होती: जी स्त्री आधीपासून नियोजन करून गोळ्या घेते, तिचा धोका मुळातच कमी असू शकतो. शिवाय गोळीत अनेक जीवनसत्त्वे असल्याने श्रेय नेमके कोणाचे, हे सांगता येत नव्हते.

दोन्ही शंकांचे उत्तर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दिले. १९८३ पासून सात देशांतील ३३ केंद्रांत, आधी असे बाळ झालेल्या १८१७ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत विभागणी केली गेली: फोलिक ॲसिड, इतर जीवनसत्त्वे, दोन्ही आणि दोन्हींपैकी काहीच नाही. दोष आढळलेल्या २७ बाळांपैकी २१ फोलिक ॲसिड न मिळालेल्या गटांतली आणि सहा ते मिळालेल्या गटांतली होती. धोका ७२ टक्क्यांनी घटल्याचे दिसताच १९९१ साली चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली. इतर जीवनसत्त्वांनी या दोषापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. पुढच्याच वर्षी हंगेरीत ‘पहिल्यांदाच’ होणारा, म्हणजे आधी असे बाळ न झालेल्या स्त्रियांच्या बाळांतील, दोषही फोलिक ॲसिड असलेल्या गोळीने टळतो, हे सिद्ध झाले.

प्रश्न उरला तो वेळेचा. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते; ती नीट बंद न झाल्यास हा दोष राहतो. तोवर पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. पहिल्या तपासणीला मिळालेली गोळी रक्तक्षयासाठी उपयोगी असते, या दोषासाठी मात्र तिला उशीर झालेला असतो. म्हणूनच १९९२ साली अमेरिकेने प्रजननक्षम वयातील सर्वच स्त्रियांना ४०० मायक्रोग्रॅमचा सल्ला दिला आणि १९९८ पासून जीवनसत्त्वे घालून समृद्ध केलेल्या धान्याच्या पिठात दर १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड मिसळणे बंधनकारक केले.

जीवनसत्त्व जितके अधिक तितके चांगले, असा अर्थ यातून कुणी काढू नये. हेल यांच्या प्रयोगात ज्याच्या अभावाने अनर्थ झाला, तेच ‘अ’ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात अतिरिक्त घेतल्यास जन्मदोषांचा धोका वाढतो, असे १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात दिसले.

मुलांच्या बुद्धीविषयी आणि वर्तनाविषयी जे सांगितले जाते, त्याचा पुरावा अजून बव्हंशी निरीक्षणांचा आहे. २०१३ साली नॉर्वेतील ८५ हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात, गर्भधारणेच्या सुमारास फोलिक ॲसिड घेतलेल्या मातांच्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण कमी आढळले. पण गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या माता इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात, ही स्मिथेल्स यांच्यावर घेतली गेलेली शंका येथेही लागू पडते. ती दूर करण्यासाठी सुरुवातीच्या आठवड्यांत काही स्त्रियांना फोलिक ॲसिडपासून वंचित ठेवणे आता कोणालाही मान्य होणार नाही. त्यामुळे उत्तर आयर्लंडमधील एका चाचणीत सर्वच स्त्रियांनी पहिले तीन महिने गोळी घेतलेली होती आणि चौदाव्या आठवड्यापासून पुढे ती चालू ठेवायची की नाही, एवढेच गटांनुसार ठरवले गेले. पुढे तपासल्या गेलेल्या मुलांत काही बौद्धिक कसोट्यांवर फरक दिसला, पण ही मुले संख्येने फार थोडी होती.