कवळीवरची बुरशी आणि लवंगेचं तेल

पेट्री डिशमधल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, कॅन्डिडा बुरशी पसरायची, त्यावर लवंगेच्या तेलात भिजवलेली 6 मिलिमीटर व्यासाची कागदी चकती ठेवायची आणि 35 अंश सेल्सिअसला 24 तास थांबायचं. चकतीभोवती बुरशी नसलेलं स्वच्छ वर्तुळ उमटतं. दालचिनीचं तेल घेतलं, ओव्याचं घेतलं, तरी वर्तुळ दिसतंच. ‘घरगुती उपायाने कवळी निर्जंतुक’ अशा बातम्या बहुधा याच वर्तुळाच्या जोरावर छापल्या जातात. त्या वर्तुळापासून रोज वापरता येईल अशा द्रावणापर्यंत मात्र बऱ्याच चाचण्या बाकी असतात, आणि बहुतेक नैसर्गिक पदार्थ त्यांत कुठे ना कुठे अडकतात.

कॅन्डिडा अल्बिकन्स अनेक निरोगी माणसांच्या तोंडात असतेच. वरच्या कवळीखाली टाळू झाकला जातो, लाळ तिथे नीट फिरत नाही आणि आम्लता वाढते. त्यात कवळी रात्रीही तोंडातच राहिली, तर बुरशीला हवं ते सगळं मिळतं. कवळी टेकते तेवढाच टाळू लालबुंद होतो. दंतवैद्य याला डेन्चर स्टोमॅटायटिस म्हणतात. बऱ्याचदा काहीच दुखत नाही, त्यामुळे रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. कवळीवर ही बुरशी सुट्या पेशींच्या रूपात राहत नाही. जिवाणूंच्या संगतीनं ती चिकट थर जमवते आणि स्वतःच स्रवलेल्या शर्करा-प्रथिनांच्या जाळीत दडून बसते. या थराला बायोफिल्म म्हणतात. सुट्या पेशी ज्या मात्रेनं मरतात, तिच्या कितीतरी पट मात्रा बायोफिल्मला लागते.

चकतीच्या चाचणीत पहिली गफलत तेलाच्या स्वभावामुळे होते. आगर पाणीदार आणि तेल पाण्यात न मिसळणारं, त्यामुळे ते फारसं पसरत नाही. उलट पाण्यात विरघळणारा एखादा दुबळा अर्क दूरवर पसरून मोठं वर्तुळ दाखवतो. म्हणून 20 मिलिमीटरचं वर्तुळ 14 मिलिमीटरच्या वर्तुळाहून सरस ठरतंच असं नाही. दोन वेगळ्या पदार्थांची तुलना वर्तुळाच्या मापावरून करणारा तक्ता दिसला, की तो बाजूला ठेवावा.

पुढची पायरी म्हणजे बुरशीची वाढ थांबवणारी किमान मात्रा शोधणं. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये पदार्थाचं प्रमाण दर खळग्याला निम्मं करत न्यायचं आणि प्रत्येक खळग्यात मिलिलिटरमागे 500 ते 2,500 पेशी सोडायच्या. तेल पाण्यात मिसळावं म्हणून ट्वीन 80 किंवा डीएमएसओ वापरतात. हे मिसळणारे पदार्थ स्वतःच पेशींना त्रास देऊ शकतात, म्हणून तेलाविना फक्त ट्वीन घातलेला खळगा हवाच. तो नसेल तर निकालाला अर्थ नाही. सुगंधी तेलांची वाफ शेजारच्या खळग्यांत शिरते आणि तिथली बुरशीही रोखते, तेव्हा प्लेटला घट्ट चिकटपट्टी लावावी लागते. शिवाय लवंगेच्या तेलाची मात्रा जास्त झाली तर पॉलिस्टायरीन प्लास्टिकची प्लेटच पांढुरकी होऊन विरघळू लागते. हे काम काचेच्या नळ्यांत केलेलं बरं.

खरी परीक्षा ॲक्रिलिकवर. कवळीसाठी वापरतात तेच, उष्णतेनं पक्कं केलेलं पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट हे प्लास्टिक घेऊन साधारण 10 × 10 × 2 मिलिमीटरचे तुकडे कापतात. ते 37 अंशांच्या पाण्यात निदान 48 तास ठेवायचे, म्हणजे आत उरलेला मोनोमर, प्लास्टिकचा न जुळलेला कच्चा घटक, निघून जातो. नाहीतर बुरशी मोनोमरनं मरते आणि श्रेय अर्काला मिळतं. निर्जंतुकीकरणातही फसगत होते. ऑटोक्लेव्ह या वाफेच्या यंत्रातल्या 121 अंशांत ॲक्रिलिक वेडंवाकडं होतं आणि अल्कोहोलमध्ये त्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या चिरांत बुरशीला आयती जागा मिळते. म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू वापरणं उत्तम.

मग तुकड्यांवर लाळेचा थर द्यायचा, 90 मिनिटं बुरशी चिकटू द्यायची, न चिकटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या आणि 48 ते 72 तास थर पिकू द्यायचा. लाळ वगळण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती गोळा करणं आणि गाळणं किचकट असतं. पण त्रिफळ्यासारख्या तुरट पदार्थातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांनाच धरतात. तुरट चव लागते ती त्यामुळेच. लाळेविना झालेल्या प्रयोगात जो टॅनिन बुरशीला मोकळा सापडतो, त्यातला बराचसा तोंडात लाळेतच अडकतो.

आणखी एक गोष्ट शोधनिबंधांत सहसा दोन ओळींत उरकली जाते. प्रयोगशाळेत तुकडे गुळगुळीत घासलेले असतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा 0.2 मायक्रोमीटरच्या खाली गेला, की आणखी घासून जंतू कमी चिकटत नाहीत, असा संकेत आहे. पण कवळीची टाळूला टेकणारी बाजू मुद्दाम पॉलिश करत नाहीत, कारण तसं केलं तर ती टाळूवर नीट बसत नाही. बुरशी तिथेच वाढते. चकचकीत तुकड्यावर मिळालेलं यश त्या खडबडीत बाजूवर तसंच्या तसं मिळेल असं धरता येत नाही.

मोजणीत हळदीसारखे पदार्थ हमखास घोटाळा करतात. जिवंत पेशी रंगबदलावरून मोजणाऱ्या एक्सटीटी चाचणीत वनस्पतीतले पॉलिफिनॉल स्वतःच रंग बदलतात, आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसू लागतात. क्रिस्टल व्हायोलेट हा रंग मेलेल्या पेशींनाही रंगवतो. तेव्हा थर सोडवून, पातळ करून, आगरवर वाढणाऱ्या वसाहती मोजणं हाच भरवशाचा मार्ग, वेळखाऊ असला तरी. निकाल वाचतानाही जपावं. ‘99 टक्के नाश’ हे ऐकायला भारी वाटतं. पण 1 कोटी पेशींतून 1 लाख उरल्या तरी 99 टक्केच होतात, आणि उरलेल्या लाखभर पेशी पुन्हा थर उभा करतात.

बुरशी हरली तरी कवळी टिकायला हवी. लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं आणि तीव्र मात्रेत ते ॲक्रिलिक मऊ करतं. निव्वळ तेल टाळूची त्वचाही भाजतं. हळदीनं कवळी पिवळी पडते आणि तो रंग जाता जात नाही. म्हणून कोणतंही द्रावण वारंवार वापरून ॲक्रिलिकची ताकद, रंग आणि खडबडीतपणा पुन्हा मोजावा लागतो. कवळीच्या ॲक्रिलिकची वाकताना तुटण्याची ताकद किमान 65 मेगापास्कल हवी, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. ‘बुरशी गेली’ एवढंच सांगून थांबणारा प्रयोग अर्धाच म्हणायचा.

खोबरेल तेलाबद्दलही थोडं. त्यातलं लॉरिक आम्ल बुरशीविरोधी आहे हे खरं, पण तेलात ते बहुतांशी ग्लिसरॉलला बांधलेलं असतं, आणि बांधलेल्या रूपात त्याचा प्रभाव फार कमी पडतो. हळदीतल्या कर्क्युमिनचा एक मार्ग मात्र आशादायक आहे. ब्राझीलमधल्या अराराक्वारा इथल्या संशोधकांनी कर्क्युमिनवर निळा प्रकाश टाकून कॅन्डिडा मारण्याचे प्रयोग केले आहेत. तिथे बुरशी मारतो तो प्रकाशामुळे तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन. घरी हळद फासून तो परिणाम मिळत नाही.

नैसर्गिक पदार्थांतून औषध होतच नाही असं मात्र कुणी समजू नये. टाळूच्या बुरशीवर आजही दिलं जाणारं नायस्टॅटिन मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी 1950 मध्ये ते जाहीर केलं. पण त्यांनी त्या जिवाणूपासून नेमका रेणू वेगळा काढला होता. कडुनिंबाचा अर्क झाड, ऋतू आणि पाणी की अल्कोहोल यानुसार बदलतो. त्यातला कुठला रेणू किती, हे न मोजता काढलेला निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत उभा राहत नाही.

तोवर घरी काय करायचं? रोज मऊ ब्रश आणि साध्या द्रव साबणानं कवळी घासायची, खाली पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवून, म्हणजे हातातून सटकली तरी फुटणार नाही. टूथपेस्ट, मीठ, राखुंडी, मशेरी यांनी ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात. कवळी साफ करायची गोळी पाण्यात टाकून भिजवली असेल तर तोंडात घालण्याआधी खळखळून धुवायची. उकळतं पाणी नको. ब्लीच वापरायचंच तर सुमारे 5 टक्क्यांचं ब्लीच 1 भाग आणि पाणी 9 भाग, तेही जास्तीत जास्त 10 मिनिटं, आणि धातूची चौकट असलेल्या कवळीला अजिबात नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. जपानमधल्या 524 अतिवृद्धांच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता. टाळूवर लाली दिसली तर दंतवैद्याकडे कवळीसकट जायचं. नुसत्या टाळूला औषध लावलं, तर कवळीवरची बुरशी काही दिवसांत पुन्हा टाळूवर येते.