अंगणातला उकीर कुणाचा?

जास्वंदीच्या बुडाशी पहिला मातीचा ढीग दिसला, तेव्हा मांजराचं काम असेल म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी हौदाशेजारच्या शहाबादी फरशीवर पाय ठेवला आणि ती डुगडुगली. उचलून पाहिलं तर खाली माती जवळपास नव्हतीच. हात कोपरापर्यंत जाईल एवढं बीळ, आणि तोंडाशी चाळणीतून काढल्यासारखी भुसभुशीत काळी माती. जुनी माणसं तिला उकीर म्हणतात.

मुलानं मोबाइलवर शोध घेतला आणि निकाल दिला, ‘बाबा, मोल आहे.’ पाठोपाठ उपायही आले. एरंडेल शिंपडा, जमिनीत थरथरणारी काठी रोवा, हिरवळीखालच्या अळ्या मारा. सोलापुरात मे महिन्यात हिरवळ!

मोल हा प्राणी आहे खरा. युरोप-अमेरिकेतल्या बागांमध्ये तो जमिनीखालून बोगदे काढत जातो आणि वर मातीचे ढिगारे लोटतो. पण तो उंदीर नव्हे. त्याचं खाणं गांडुळं आणि किड्यांच्या अळ्या. त्याच्या लाळेनं गांडूळ लुळं पडतं, म्हणून तो गांडुळांचा जिवंत साठाही करून ठेवतो. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त खाणारा हा प्राणी आपल्या उन्हाळ्यात, हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या काळ्या जमिनीत, आठवडाभरही टिकायचा नाही. भारतात मोल आहेत ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत.

घोटाळा नावाचा आहे. आपल्याकडच्या एका घुशीला इंग्रजीत ‘इंडियन मोल रॅट’ म्हणतात. त्यातला ‘रॅट’ गळला की उपाय अमेरिकेतून येतात.

निवाडा शेवटी शेजारच्या आज्जींनी केला. त्यांचं घराणं तेलुगू पद्मशाली, हातमागाच्या काळापासून सोलापुरातलं. कठड्यावरून वाकून बघत म्हणाल्या, ‘मोल-बिल काय न्हाई ओ, पंदिकोक्कु हाय हे.’ तेलुगूत पंदि म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे उंदीर. घूस चिडली की डुकरासारखी गुरगुरते, त्यावरून हे नाव. इंग्रजांनी तेच उचललं आणि ‘बॅन्डिकूट’ केलं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका पिशवीवाल्या प्राण्यालाही ते चिकटवलं, त्याचा घुशीशी काही संबंध नसताना. म्हणजे जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतला शब्द आमच्या कठड्यावर रोजच्या बोलण्यात होता.

आपल्याकडे घुशी दोन प्रकारच्या. थोरली शेपूट सोडून फूटभर लांब आणि किलोच्या घरात जाणारी, धाकटी पावकिलोच्या आसपास. ‘मोल रॅट’ ती ही धाकटी. शेतातलं धान्य बिळात नेऊन साठवण्यात ती पटाईत. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. दाताच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल, मागची बाजू मऊ. त्यामुळे कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप लागते. ओठ दातांच्या मागे मिटतात, म्हणून माती उकरताना तोंडात जात नाही. गर्भकाळ साधारण तीन आठवडे, आणि एका वेतात सहा-आठ पिल्लं सहज.

मग ती नेमकी हौदापाशीच का? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, म्हणून प्रत्येक अंगणात हौद, आणि आमच्या हौदाची तोटी ठिबकणारी. एप्रिलनंतर सगळी जमीन दगडासारखी होते, मऊ आणि ओली राहते ती तेवढी वावभर जागा. त्यात आई सकाळी चिमण्यांना ज्वारी टाकते. चिमण्या निम्मी टिपतात, बाकीची रात्रपाळीला.

कुठलं बीळ वापरात आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. संध्याकाळी सगळी भोकं मातीनं बुजवायची आणि सकाळी बघायचं. आमच्याकडे पाच बुजवली, दोन उघडली. बाकीच्या तिनांवर विष, पैसा आणि राग वाया घालवायची गरज उरली नाही.

विषाबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण पहिला हात तिकडेच जातो. झिंक फॉस्फाइडची काळपट पूड पोटातल्या आम्लाशी मिसळली की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. पण घूस नव्या खाण्याचा आधी घासभरच स्वाद घेते. तेवढ्यानं पोट बिघडलं आणि जीव वाचला, तर ते आमिष ती पुन्हा तोंडात धरत नाही. म्हणून जाणकार आधी दोन-तीन दिवस तेल लावलेली नुसती भरड ठेवतात. ब्रोमाडिओलोनचं काम उलटं. ते शरीरात व्हिटॅमिन के पुन्हा वापरू देत नाही, रक्त गोठत नाही, आणि मरण काही दिवसांनी येतं. तोवर त्या खाण्यावर कुणाचा संशय जात नाही. मात्र तीच सुस्तावलेली घूस घुबडानं किंवा मांजरानं खाल्ली, तर विष तिथेही पोहोचतं. बिळात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरगुती वापरासाठी नाहीतच. ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिनच निघतो, आणि भेगांतून, मोरीतून तो घरात येऊ शकतो. त्यानं माणसं दगावलेली आहेत. कुणी सुट्या विकत असेल तरी घेऊ नका.

विष ठेवायच्या आधी आणखी एका पाहुणीची ओळख पटवावी. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, अंगाला कस्तुरीसारखा उग्र वास आणि भिंतीच्या कडेनं चिक् चिक् करत पळणारी चिचुंद्री. मोलच्या जवळच्या नात्यातलं आपल्या अंगणात कुणी असेल तर तीच. पिल्लं एकमेकांच्या शेपटीजवळची लव तोंडात धरून आईमागे आगगाडीसारखी चालतात. ती पाहिली की मारायला हात उठत नाही. तिचं खाणं झुरळं आणि किडे.

आम्ही शेवटी काय केलं? तोटीचा वायसर बदलला, वीस रुपयांत. आईनं ज्वारी टांगलेल्या ताटलीत टाकायला सुरुवात केली. उंदीर-घुशी भिंतीला अंग घासत चालतात, म्हणून चापाचा मोठा सापळा भिंतीलगत ठेवला, शेंगदाण्याचं तेल चोपडलेला भाकरीचा तुकडा लावून. तिसऱ्या रात्री खटका वाजला. पिंजऱ्यात धरून ओढ्याकाठी सोडायचा सल्लाही आला होता. तो मला शेजाऱ्याकडे पार्सल पाठवण्यासारखा वाटला. मेलेली घूस हातमोजे घालूनच उचलली. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात, ते हाताच्या खरचटल्या जागेतूनही आत शिरतात. मग बीळ टोकापर्यंत खणलं, कारण रिकामं घर दिसलं की दुसरी घूस राहायला येते. खाली लोखंडी जाळी, वर खडी आणि सिमेंट, आणि फरशी पुन्हा बसवली.

आठ दिवस बुजवलेली माती जशीच्या तशी राहिली. नवव्या दिवशी भिंतीच्या कडेला दोन बोटं मावतील एवढं भोक दिसलं. तोंडाशी उकीर नव्हता, झुरळाचे तीन-चार पंख पडले होते. ते भोक अजून तसंच आहे.